स्वखर्चाने छापलेली परी

वार्षिकाच्या निमित्ताने आमच्याकडे दरवर्षी पुस्तकांचा एक गठ्ठा जमतो. त्यातली बरीचशी पुस्तके लेखकाने स्वतःच्या पैशाने काढलेली असतात, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. प्रकाशकाचा आणि लेखकाचा पत्ता एकच असतो, प्रकाशनाला बहुधा लेकीचे नाव असते आणि पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' असे लिहून खाली सही केलेली असते. या गठ्ठ्यातली आत्मकथने, कवितासंग्रह आणि दंगलीवरच्या कथा आम्ही आधी हातात घेतो. प्रेमाची आणि जादूची कादंबरी असली की ती तळाशी जाते. ही आमची सवय आहे आणि ती फक्त आमचीच आहे असे वाटत नाही.

मागे परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकाची कादंबरी अशीच तळाशी गेली होती. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्यांच्यासारखे लेखक तालुक्यातालुक्यात आहेत. सेलू तालुक्यातील वालूरला चक्राकार पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. पाहणाऱ्याला भोवळच यावी. कादंबरीतली मुलगी या बारवेत उतरते आणि पायऱ्या संपतच नाहीत. तळाशी परीजादांचे शहर लागते, तिथे एक तरुण कैदेत असतो आणि पुढे जे व्हायचे ते होते. लेखकाने हे सारे इशाची नमाज झाल्यावर, घर झोपल्यावर, दोन वर्षांत लिहिले. सोळा पानांचा एक असे दहा फर्मे झाले. अक्षरजुळणी, कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि बांधणी यांचा खर्च पगारातून भागेना, तेव्हा भिशी उचलली. पाचशे प्रती आल्या आणि दिवाणाखाली गेल्या.

लेखन संपले की खरे काम सुरू होते, हे अशा प्रत्येक लेखकाला उशिरा कळते. आय.एस.बी.एन. क्रमांक मिळवायचा (तो आपल्या देशात फुकट मिळतो, पण हे अनेकांना कोणी सांगत नाही), कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची, गावोगावच्या वाचनालयांच्या पायऱ्या झिजवायच्या. 1967च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात वाचनालयांना अनुदान मिळते खरे, पण एकाच पुस्तकाचा प्रकाशक वाचनालयाच्या दारात गेला तर त्याला कपाट दाखवतात, बिल करत नाहीत. मग लग्नात, शिक्षकांच्या बैठकीत, परभणीला फेब्रुवारीत भरणाऱ्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात प्रती खपवायच्या. उरुसात त्यांच्या शेजारी अत्तरवाला बसला होता. त्याचा धंदा बरा झाला.

ते परीक्षणाविषयी विचारायला आले तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, "सर, भाषा चांगली आहे, पण यात आपल्या समाजाचे प्रश्न कुठे आहेत?" ते शांतपणे म्हणाले, "प्रश्न मला रोज शाळेत भेटतात, साहेब." आम्हाला तेव्हा यावर काही सुचले नाही. पुस्तकावरही आम्ही काही लिहिले नाही.

1990 नंतर मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली. तिने आपल्या माणसांचे दारिद्र्य, असुरक्षितता, स्त्रियांची कुचंबणा आणि अस्मितेचे प्रश्न मराठीत आणले. ते काम आवश्यक होते आणि अजून संपलेले नाही. परंतु त्याबरोबर आमच्या समीक्षेला एक खोड लागली. मुस्लिम लेखकाने साक्ष द्यावी, कल्पना करू नये, असे आम्ही न बोलता ठरवून टाकले. त्याचे दुःख हा त्याचा दाखला. दाखला नसेल तर पुस्तक गंभीर नाही.

दुर्दैव असे की कल्पनेच्या बाबतीत आपला वारसा कोणाहून कमी नाही. विजापूरच्या दरबारातील नुसरतीने 1657 साली दखनीत 'गुलशन-ए-इश्क' ही मसनवी लिहिली. तिच्यात राजपुत्र मनोहर झोपेत असताना पऱ्या त्याला उचलून मधुमालतीच्या महालात नेतात. कवी मुसलमान, नायक-नायिका हिंदू, भाषा आपल्या आजीची. औरंगाबादच्या सिराजने अठराव्या शतकात 'बोस्तान-ए-खयाल' लिहिली. मराठीतही कादंबरीची पहाट अद्भुताचीच आहे. 1861ची 'मुक्तामाला' आणि 1868ची 'मंजुघोषा' यांची नावे शाळेत सर्वांनी पाठ केलेली असतात. 'मंजुघोषा'चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी तर प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, विशेषतः लग्नाच्या रीतीत, मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे जावे लागते. पुढच्या टीकाकारांनी या प्रस्तावनेला बरेच हसून घेतले. आम्हाला मात्र ती एका कष्टकरी लेखकाची तक्रार वाटते. वाचकाला पान उलटायला लावायचे आहे आणि हाताशी सामान नाही!

नुसरतीच्या परीचा खर्च दरबार करत होता. दरबार गेल्यावर तो छापखान्याने उचलला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे अवाढव्य खंड निघू लागले. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. दोघेही दुसऱ्याच्या छापखान्याचे लेखक. ज्यांच्यामागे छापखानाही नव्हता त्यांचे काय झाले? दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली 1928 साली वारले. अखेरच्या काळात ते सुपारी विकून दिवस काढत होते असे सांगतात.

यातून वेगळी वाट काढणारा एक माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, फक्त लेखक म्हणून नव्हे. 1994 नंतर दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका लागत असे आणि यक्कूची नक्कल न करणारे पोर आमच्या मोहल्ल्यात नव्हते. त्या कादंबरीचे लेखक देवकीनंदन खत्री (1861–1913) हे आधी काशीच्या राजाच्या मुलखात, चकिया आणि नौगढच्या जंगलात ठेकेदारी करत. जंगलातले पडके किल्ले, भुयारे, खोरी त्यांनी धंद्यापायी पालथी घातली आणि ठेका सुटल्यावर तीच सामग्री कादंबरीत आली. 1888च्या सुमारास 'चंद्रकांता' निघू लागली. वाचक मागे लागले, तेव्हा 'चंद्रकांता संतति' सुरू झाली आणि तिचे चोवीस भाग झाले. 1898 साली त्यांनी बनारसला स्वतःचा लहरी प्रेस काढला. लेखक, प्रकाशक आणि छापखान्याचा मालक एकच. 'भूतनाथ' अर्धी असताना ते गेले. ती त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुरी केली. घरचाच धंदा होता, मुलाने चालवला.

खत्रींच्या कादंबऱ्यांतली 'तिलिस्म' आणि 'ऐयार' ही दोन्ही चाके उर्दू दास्तानीतून आलेली आहेत. म्हणजे आमच्या घरातला ऐवज एका खत्री ठेकेदाराने नेला, नागरी लिपीत मांडला आणि त्यावर घर चालवले. यात चोरी काही नाही, कारण ऐवज आम्ही माळ्यावर टाकला होता.

समीक्षेने त्यांना काय दिले तेही पाहण्यासारखे आहे. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात कबूल केले की खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, आणि कितीतरी उर्दू जाणणारे केवळ त्यांच्यासाठी हिंदी शिकले. लगेच पुढे हेही सांगितले की या कादंबऱ्या घटनांच्या आहेत, त्यांत भाव नाही, स्वभावचित्रण नाही, सबब त्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत. शुक्लजींचे दुसरे विधान अगदीच चुकीचे नाही. चोवीस भाग सलग वाचणाऱ्याला ऐयारांची वेषांतरे शेवटी सारखीच वाटू लागतात. पण एका लेखकासाठी लोक नवी लिपी शिकतात, ही घटना साहित्याच्या बाहेरची कशी मानायची, हे आम्हाला समजलेले नाही.

आमच्यासाठी लिपीचा हा मुद्दा दूरचा नाही. मराठवाड्यातल्या किती घरांत नानी दखनीत किस्सा सांगते, खाला उर्दू मासिकातली रोमानी कथा वाचते आणि मराठी शाळेत जाणाऱ्या नातीला उर्दू अक्षर लागत नाही! नानीबरोबर किस्सा जाणार आहे. तो मराठीत उतरवणारा माणूस असेल तर तो हाच, दिवाणाखाली प्रती ठेवणारा.

म्हणून त्याच्या दोषांविषयी आम्ही गप्प बसणार नाही. हल्ली वाट थोडी सोपी झाली आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तके येतात, बंगळूरहून 2014 साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मोबाइलवरूनच प्रकरण टाकता येते आणि छपाईचा खर्च वाचतो. पण रोज रात्री एक भाग द्यायचा म्हणजे कथेला श्वास घ्यायला जागा राहत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजते. नायक कोट्यधीश, नायिका गरीब, लग्न कराराचे, आणि राजवाडा थेट विलायती सिनेमातला, बर्फासकट. पूर्णा-गोदावरीच्या मुलखात बसून बर्फ लिहिण्याचे कारण काय? खत्रींनी पायाखालची भुयारे वापरली होती. सर्वांत मोठी उणीव संपादकाची. स्वखर्चाच्या पुस्तकाला 'हे प्रकरण काढा' असे म्हणणारे कोणी नसते.

बारवेच्या कादंबरीतही हे दोष आहेत. मधली साठ पाने सहज गाळता आली असती आणि परीजादांचा राजा फार भाषणे करतो. पण सुरुवातीची पायऱ्यांची उतरण आम्ही, उशिरा का होईना, वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. मुलगी पायऱ्या मोजते आणि तिचा आकडा चुकतो. भीती त्या चुकलेल्या आकड्यातून येते, कुठल्याही राक्षसातून नाही. हे साधे नाही. खटकले ते संवाद. घरातली माणसे वर्तमानपत्रासारखी बोलतात. आम्ही विचारले तेव्हा कळले की हस्तलिखितात खाला होती, अक्षरजुळणीच्या वेळी तिची 'मावशी' झाली. 'दुआ'ची 'प्रार्थना' झाली आणि नानीची दखनी वाक्ये 'शुद्ध' करून टाकली गेली. लेखकाने मुद्रिते पाहिली होती. त्यांनी हे बदल राहू दिले, कारण शुद्ध मराठी असली तरच वार्षिकवाले वाचतील असे त्यांना वाटले. त्यांचा हा समज कुठून झाला असेल, याचा विचार करताना आम्हाला आमचेच जुने अंक आठवले.

परभणीनेच एक उदाहरण पाहिलेले आहे. निजामी राजवटीत, कारभाराची भाषा उर्दू असताना, बी. रघुनाथ बांधकाम खात्यात नोकरी करत करत मराठीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत राहिले आणि 1953 साली चाळिसाव्या वर्षी गेले. ते अद्भुताचे लेखक नव्हते. पण खुर्चीवरचे दिवसाचे काम आणि रात्रीचे लेखन यांची ओढाताण या जिल्ह्याला नवी नाही. त्यांच्या नावाचे सभागृह आज शहरात आहे. जिवंतपणी त्यांना निवांत दुपार किती मिळाली असेल, देव जाणे.

शिक्षकमहाशयांनी आता दुसरा भाग लिहायला घेतला आहे. पहिल्या भागाची जुळणी श्री-लिपीत झाली होती, ती मोबाइलवर नेताना सगळी अक्षरे विस्कटली. तेव्हा दुसरा भाग ते सुरुवातीपासून युनिकोडमध्ये स्वतःच टंकत आहेत. पहिली चार प्रकरणे त्यांनी आमच्याकडे पाठवली, सोबत एक ओळ: काय गाळायचे ते सांगा. राजाचे भाषण गाळायला आम्ही सांगितले आहे. तिसऱ्या प्रकरणात खाला आली आहे, ती तशीच राहू द्या, हेही कळवले आहे.