न झालेल्या गोलांचा हिशेब

फुटबॉलविषयी मराठीत आणि कोंकणीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात आघाडीच्या खेळाडूचे कौतुक असते आणि क्वचित गोलरक्षकाच्या धाडसाचेही असते. बचावपटूच्या कारकीर्दीची मीमांसा मात्र अभावानेच आढळते. असे का व्हावे, याचा विचार गोव्याचे महेश गवळी यांच्या कारकीर्दीच्या आधारे करावयाचा आहे. कारण एका खेळाडूवर अन्याय झाला की नाही, एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. आपण कशाला पराक्रम म्हणतो आणि कशाची नोंद ठेवतो, हेही त्यातून कळते.

गवळी यांचा जन्म 1980 चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. पुढे गोव्यात आणि कोलकात्यात मोठ्या संघांकडून खेळले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय बचावफळीचा मधला खांब म्हणून ओळखले गेले. 2003 साली जकार्ता येथे ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला 3–1 असे हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात ते होते. पुढे डेंपो संघाने 2007–08, 2009–10 आणि 2011–12 या हंगामांत आय-लीग जिंकली, तेव्हाही बचावाची धुरा वाहणाऱ्यांत ते होते. जकार्ताच्या अंतिम सामन्यातील गोल ओकोरो, भुतिया आणि आल्व्हितो डिकुन्हा यांचे, हे जाणकारांना आजही मुखोद्गत असते. त्याच दिवशी प्रतिपक्षाला एकाच गोलावर कोणी रोखले, असे विचारले तर तेच जाणकार क्षणभर थबकतात.

याहून बोलका दाखला 2005 चा आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कराची येथे दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशचा 2–0 असा पराभव केला. दोहोंपैकी पहिला गोल गवळींचा होता आणि दुसरा भुतियांचा. कोष्टकात गवळींचे नाव ठळकपणे आले ते त्या गोलामुळे. भारताच्या बाजूचे शून्य कोणी राखले, याला कोष्टकात रकानाच नाही! आयुष्यभर ज्याने गोल होऊ न देण्याचे व्रत चालविले, त्याला इतिहास ओळखतो तो त्याने केलेल्या गोलावरून. जर्नेलसिंग यांच्या बाबतीतही हेच झाले. 1962 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके असताना हा बचावपटू आघाडीवर खेळला आणि त्याने गोल केला. ती कथा साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्यांनी मागे उभे राहून जे केले त्याची कथा कोणी सांगत नाही.

याचे कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. जे घडले त्याचा पुरावा देता येतो. जे घडू दिले नाही त्याचा देणे महाकठीण. आम्हा वकिलांना हा अनुभव नित्याचा आहे. दहा वर्षे दावा लढवून जिंकणाऱ्याचे नाव कचेरीत गाजते. ज्याने खरेदीखत इतक्या दक्षतेने लिहिले की दावा उद्भवलाच नाही, त्याला त्याचा पक्षकारही विसरतो. गर्भगृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या जय-विजयांवर भाविकाची दृष्टी क्षणभरही ठरत नाही, यातही नवल नाही. दर्शन देवाचे घ्यावयाचे असते. पण म्हणून द्वारपाल निरर्थक ठरत नाहीत.

बचावपटूची कला समजून घ्यावयाची तर प्रेक्षकाने चेंडूवरची नजर काढून माणसावर लावली पाहिजे. झडप घालून चेंडू हिसकावला की टाळ्या पडतात. वस्तुतः पुष्कळदा ती आधी झालेल्या चुकीची भरपाई असते. उत्तम स्टॉपर दोन पावले आधीच अशा जागी जाऊन उभा राहतो की प्रतिपक्षाला चेंडू तिकडे देण्याची इच्छाच होत नाही. तो साथीदाराला हाक देऊन रेषा सरळ ठेवतो आणि उंच चेंडू कोठे उतरेल ते आधी ओळखतो. त्याचे उत्तम काम दिसत नाही, कारण ते घटनेच्या आधीच संपलेले असते.

ज्या सुरतेत बसून मी हे लिहीत आहे, तिथे फुटबॉलचे प्रेम बेताचेच. पण नसलेल्या गोष्टीची किंमत करणे या शहराला चांगले ठाऊक आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात पारखी दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याशी धरून हिऱ्यात डाग शोधतो. डाग जितका कमी, तितका भाव अधिक. निर्दोषपणा म्हणजे काहीतरी नसणे, आणि तरी त्याची नोंद होते, त्याला प्रत लागते, मोल मिळते. फुटबॉलच्या बाजारात मात्र हे भिंग अजून कोणी डोळ्याशी धरलेले नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. काही दिसत नाही म्हणून सारेच थोर मानावे काय? मुळीच नव्हे. 2011 च्या जानेवारीत दोहा येथील आशियाई चषकात भारताने ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरिया यांच्याविरुद्ध तीन सामन्यांत मिळून 13 गोल पत्करले. आशियातील बलाढ्य संघांसमोर आपला बचाव तोकडा पडतो, हे त्या आकड्याने निर्विवाद दाखविले, आणि त्या पिढीचे मोजमाप करताना तो आकडा झाकून चालणार नाही. पण न्याय दोन्ही बाजूंनी हवा. 2007 च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला 1–0 असे हरविले. प्रदीप यांचा गोल लक्षात राहिला, सीरियाचे शून्य राहिले नाही. बचाव कोसळतो तेव्हाच त्याच्या नावे खाते उघडावयाचे आणि तो टिकतो तेव्हा वही मिटावयाची, ही हिशेबाची रीत नव्हे.

2023 च्या जुलैमध्ये बेंगळुरूला हीच कथा पुन्हा घडली. दक्षिण आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक स्टिमाक यांच्यावर बंदी आल्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्यांत मैदानाकडेला संघाची सूत्रे साहाय्यक प्रशिक्षक गवळी यांच्या हाती होती. लेबनॉनविरुद्ध 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि भारत पेनल्टीवर 4–2 असा जिंकला. अंतिम सामन्यात कुवेतशी 1–1 बरोबरी झाली आणि पेनल्टीवर 5–4 असा विजय मिळाला. संघाची बांधणी स्टिमाक यांची, हे मान्यच केले पाहिजे. तथापि विजेत्यांच्या यादीत प्रशिक्षकाच्या रकान्यात एकच नाव मावते, आणि ते गवळींचे नाही. मैदानावरून उठून ते कडेला आले, तरी जागा तीच राहिली.

मग करावे काय? पुतळे उभारावयाचे नाहीत की पुरस्कारांची याचना करावयाची नाही. 1996 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगपासूनच्या सामन्यांत कोणी कोणाला रोखले, हे सांगू शकणारे खेळाडू, प्रशिक्षक आणि जुने प्रेक्षक गोव्यात आज हयात आहेत. साक्षीदार हयात असताना त्याची साक्ष नोंदवून घ्यावी, हे कायद्याचे शहाणपण समीक्षेलाही लागू आहे. क्लबांनी आणि आपल्या भाषांतील लेखकांनी ते काम आता हाती घ्यावे. नाही तर आणखी वीस वर्षांनी महेश गवळी म्हणजे कराचीला गोल करणारा खेळाडू, एवढेच आपल्या हाती उरेल. आणि ते खरे असूनही त्यांच्याविषयीचे सर्वांत अपुरे विधान असेल.