दृष्टांतातला माणूस

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि सहकारी पतसंस्थेतली नोकरी, एवढीच माझी शिदोरी. तरी गेली अठरा वर्षं मी एका रुग्णाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. हा रुग्ण जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. त्याचं नाव फिनिअस गेज. मेंदू आणि स्वभाव यांच्या संबंधावर लिहिलेलं पुस्तक उघडावं आणि त्यात गेज नसावा, असं क्वचितच होतं. मराठीतही तो अधूनमधून भेटतो. पण तो ज्या रूपात भेटतो त्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती केवळ अभ्यासकाची तक्रार नाही.

आधी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. पंचवीस वर्षांचा गेज तिथे मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास सुरुंगाची दारू अकाली पेटली. दारू ठासायची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली, मेंदूचा पुढचा भाग फोडून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली आणि कित्येक फूट दूर जाऊन पडली. पहारेची लांबी साडेतीन फुटांहून थोडी जास्त, जाडी सव्वा इंच, वजन सुमारे सहा किलो. गेज काही मिनिटांतच बोलू लागला, बैलगाडीत बसून गावात आला आणि जगला. पण पूर्वीचा कष्टाळू, शहाणा गेज गेला. त्याच्या जागी शिवराळ, चंचल, कुठल्याच कामाला न टिकणारा माणूस आला. तो पहार घेऊन जत्रेत स्वतःचं प्रदर्शन मांडत फिरला आणि वाया जाऊन मेला. म्हणजे, मेंदूचा पुढचा भाग हेच माणसाच्या शीलाचं घर.

ही गोष्ट मी पहिल्यांदा १९९७ साली ऐकली, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात. माझे थोरले बंधू, आमचे दादा, मोटरसायकलवरून पडले होते आणि मार कपाळावर होता. तालुक्याच्या गावी त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तीन आठवड्यांनी घरी न्यायची वेळ आली तेव्हा एका डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाजूला घेतलं. माणूस हातीपायी धड दिसेल पण पूर्वीसारखा राहणार नाही, हे समजावताना त्यांनी गेजची गोष्ट सांगितली. हेतू चांगलाच होता. दादा घरी आले आणि गोष्ट खरी ठरत चालली. एका गिऱ्हाइकाला त्यांनी आईवरून शिवी दिली. उधारीचा हिशेब लागेना. आम्ही दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि १९९९ साली दुकान विकलं. त्यानंतर दादा ओट्यावर बसून राहिले.

२००६ साली ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मला माल्कम मॅकमिलन या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाचं गेजवरचं पुस्तक वाचायला दिलं. ते २००० साली प्रसिद्ध झालं होतं. गेजवर उपचार करणारे डॉ. जॉन मार्टिन हार्लो यांचे दोन्ही लेख त्याच्या परिशिष्टात जसेच्या तसे छापले आहेत. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. ऐकलेली गोष्ट आणि समोरचा मजकूर यांत एवढं अंतर असेल, असं वाटलं नव्हतं.

हार्लोचा पहिला लेख १८४८चा. तो जखमेविषयी आहे. पू झाला, रोगी बेशुद्धीच्या काठावर गेला, गळू फोडून पू काढला, नोव्हेंबरअखेर तो आपल्या घरी परतला. स्वभावबदलाविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. दुसरा लेख १८६८चा, म्हणजे अपघातानंतर वीस वर्षांनी आणि गेजच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी लिहिलेला. सगळं जग ज्याचा आधार घेतं तो उतारा याच लेखात आहे: गेज लहरी झाला, शिवराळ झाला, बेत आखायचा आणि सोडून द्यायचा, आणि त्याचे मित्र म्हणत की हा आता गेज राहिला नाही. उतारा जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. पुन्हा वाचताना लक्षात आलं की तो एका विशिष्ट प्रश्नाच्या संदर्भात आला आहे. गेजला मुकादमाची जागा परत द्यायची की नाही, हा तो प्रश्न. कंत्राटदारांनी ती दिली नाही. म्हणजे हे वर्णन मुख्यतः अपघातानंतरच्या पहिल्या काळाचं आहे. पुढच्या वर्षांची माहिती हार्लोला गेजच्या आईकडून मिळाली, आणि तीही तो गेल्यानंतर. मृत्यूचं वर्षदेखील लेखात एकाने चुकलं आहे. गेज २१ मे १८६० रोजी गेला, हार्लो १८६१ म्हणतो.

त्याच लेखात आणखी एक मजकूर आहे आणि तो गोष्टीत कधी येत नाही. गेज काही काळ लोकांसमोर प्रदर्शनात उभा राहिला, हे खरं. पण नंतर तो न्यू हॅम्पशायरमध्ये घोड्यांच्या तबेल्यात दीड वर्षाच्या आसपास कामाला होता. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथे सुमारे सात वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. गाडी भरलेली असे आणि पुष्कळदा सहा घोड्यांची असे. सहा घोड्यांचे लगाम दोन हातांत धरून परक्या मुलखातल्या रस्त्यावर उतारू सुखरूप पोचवायचे, परक्या भाषेत निभावून न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर राहायचं. हे काम वाया गेलेल्या माणसाला कोणी सात वर्षं देत नाही. पुढे मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्याला चिलीत राहिलेल्या एका डॉक्टराची साक्षही सापडली. त्याने गेजला तिथे जवळून पाहिलं होतं, आणि त्याच्या बुद्धीत काही कमी झाल्याचं त्याला दिसलं नव्हतं. शेवटी प्रकृती ढासळली म्हणून गेज कॅलिफोर्नियात आईकडे आला. तिथेही शेतावर राबला. १८६०च्या फेब्रुवारीत त्याला झटके सुरू झाले आणि तीन महिन्यांत तो गेला.

मग बिनकामाचा, भटका गेज आला कुठून? मॅकमिलन यांनी एकेक पुस्तक तपासून दाखवलं की दारूबाज, मारकुटा, खोटारडा ही विशेषणं सांगणाऱ्यांनी वेळोवेळी पदरची घातली. मूळ कागदांत त्यांना आधार नाही. मला यात अधिक रस आहे तो या गोष्टीच्या घडणीत. १८५० साली हार्वर्डचे शल्यविशारद हेन्री बिगेलो यांनी गेजला तपासून तो देहाने आणि मनाने बरा झाल्याचं लिहिलं. तेव्हा मेंदूचा एवढा भाग गेला तरी बिघडत नाही, याचा पुरावा म्हणून लोक गेजकडे बोट दाखवत. १८७८ साली लंडनला डेव्हिड फेरिअर यांनी आपल्या व्याख्यानांत हार्लोचा दुसरा लेख पुढे आणला, आणि तोच गेज उलट्या सिद्धांताचा पुरावा झाला. सिद्धांत बदलला तसं चरित्र बदललं.

आपल्या भाषेत या घडणीला नेमका शब्द आहे. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी रचना केली. सूत्र म्हणजे सिद्धांत, दृष्टांत म्हणजे ते पटवणारी छोटी कथा, आणि दार्ष्टांतिकात कथेचा सूत्राशी मेळ. हा मराठी गद्याचा अगदी आरंभीचा आणि फार सुंदर प्रकार आहे. पण दृष्टांतातल्या माणसाचं पुढे काय झालं, असं कोणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं, कारण सूत्र पटलं की त्याचं काम संपतं. रुग्णाची नोंद याच्या उलट असायला हवी. तिथे माणूस आधी आणि सूत्र नंतर, तेही जमलं तर. गेजच्या बाबतीत नोंदीचा दृष्टांत झाला आणि चिलीतली सात वर्षं सूत्रात बसेनात म्हणून गळाली.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. गेजला काहीच झालं नव्हतं असं म्हणणं हा दुसरा दृष्टांत होईल. हार्लो प्रामाणिक माणूस होता आणि त्याने लिहिलेलं खोटं मानायला कारण नाही. दादांची शिवी मी स्वतः ऐकली आहे. मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्याचं म्हणणं एवढंच आहे की बदल झाला, पण तो कायमचा तसाच राहिला नाही. रोज त्याच क्रमाने करायच्या कामाने, ठरलेल्या वेळांनी आणि ठरलेल्या रस्त्याने गेजला सावरायला मदत केली असावी. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. कवटीवरून पहारेचा मार्ग संगणकावर काढायचे प्रयत्न १९९४, २००४ आणि २०१२ साली झाले, आणि नेमकी किती इजा झाली याबद्दल त्यांचं एकमत नाही. पहिला प्रयत्न दोन्ही बाजूंना इजा दाखवतो, दुसरा फक्त डाव्या. इजेविषयी असा वाद चालू असताना स्वभावाचं चित्र मात्र पुस्तकागणिक ठाम राहतं, हे मला विचित्र वाटतं.

२००९ साली गेजचं एक छायाचित्र ओळखलं गेलं. ज्या दांपत्याकडे ते होतं त्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं की हा कोणी देवमासे मारणारा दर्यावर्दी आहे आणि हातात त्याचा भाला आहे. ती पहार निघाली. एक डोळा मिटलेला, कपडे नीटनेटके, आणि चेहऱ्यावर बघणाऱ्याला जरा दबकायला लावील असा आत्मविश्वास. हा चेहरा पुस्तकातल्या गोष्टीशी जुळत नाही.

पुस्तक वाचून झाल्यावर मी दादांना चिलीची हकीकत सांगितली. वाइंडरच्या धंद्यात तारेच्या जाडीला गेजच म्हणतात, त्यामुळे नाव त्यांच्या लगेच लक्षात राहिलं. ते म्हणाले, “सहा घोडे? आणि मला तुम्ही मिक्सरला हात लावू देत नाही.” २००७ साली त्यांच्या एका जुन्या मित्राने त्यांना आपल्या दुकानात मागच्या खोलीत बसवलं. गिऱ्हाईक आणि पैसे मित्राकडे, काम दादांकडे. जळकी कॉइल उकलायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज वहीत टिपायचा, तेवढेच वेढे पुन्हा भरायचे. ते त्यांना पूर्वीसारखंच येत होतं. राग गेला नाही, हिशेब शेवटपर्यंत जमला नाही. २०१८ साली जाईपर्यंत ते त्या खोलीत रोज दहा वाजता जात होते.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी जे वाचलं ते सांगितलं. दोष आमचा आहे, कारण आम्ही पुढे काय झालं हे विचारलं नाही. म्हणून विलक्षण रुग्णांच्या गोष्टी आवडीने वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: अशी गोष्ट समोर आली की ती कोणी पाहिली, कधी पाहिली आणि त्यानंतर तो माणूस किती वर्षं जगला, एवढं आधी शोधावं. गेज अपघातानंतर साडेअकरा वर्षं जगला. दादा ओट्यावर आठ वर्षं बसले होते. त्यांची वेढ्यांची वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात १९९९ ते २००७ या काळातली एकही नोंद नाही.