राधानगरी अभयारण्य : प्रेक्षणीयतेच्या कल्पनेची चिकित्सा

एखादे स्थळ प्रेक्षणीय ठरते ते केवळ त्याच्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. ते कोणत्या शब्दांत सांगितले जाते यावरही त्याची प्रेक्षणीयता अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्याची जी वर्णने प्रवासपुस्तिकांतून रूढ झाली आहेत, त्यांचा या दृष्टीने विचार होणे अगत्याचे आहे. गवा, जलाशय, घनदाट अरण्य आणि कोकणाकडे तोंड करून उभे असलेले कडे, अशी एक ठरीव यादी या वर्णनांत आढळते. यादीतील एकही गोष्ट खोटी नाही. उणीव आहे ती या गोष्टींच्या परस्परसंबंधाची.

प्रथम नावाचा प्रश्न. १९५८ मध्ये या अरण्यास संरक्षण मिळाले ते 'दाजीपूर बायसन अभयारण्य' या नावाने. 'बायसन' हा शब्द इंग्रज शिकाऱ्यांच्या बोलीतून रूढ झाला. खरा बायसन अमेरिकेतील व युरोपातील होय. सह्याद्रीतील गवा हा आपल्या गाई-बैलांच्या प्रजातीतील प्राणी आहे. १९८५ मध्ये क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढले आणि नाव 'राधानगरी' झाले. नाव बदलले, तरी दृष्टी बदलली नाही. गवा दिसला तर सहल सफल, न दिसला तर व्यर्थ, हाच हिशेब कायम राहिला. हे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. मचाणावरून पाहण्याची ती सवयच जणू पर्यटकाच्या दुर्बिणीत उतरली आहे.

जलाशयाची गोष्ट याहून सूचक आहे. वर्णनांत तो अरण्याच्या शोभेचा निसर्गदत्त भाग म्हणून येतो. वास्तविक लक्ष्मी तलाव ही राजर्षी शाहू महाराजांच्या धोरणाची निर्मिती होय. १८९६ नंतरच्या दुष्काळांचा अनुभव घेतलेल्या या राज्यकर्त्याने भोगावती नदी अडवून शेतीस पाणी देण्याचे काम हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अपुरेच होते; पूर्णत्वास गेले ते स्वातंत्र्योत्तर काळात. पावसाळ्यात या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेकाठची गावे सावध होतात. म्हणजे जे पाणी दाजीपुरात केवळ देखावा असते, ते कोल्हापुरात उसाचे जीवन आणि पुराचे भयही असते. शेजारच्या काळम्मावाडी जलाशयामागे तर विस्थापितांची कथा आहे. 'अस्पर्श निसर्ग' हे विशेषण येथे लावणे म्हणजे हा सारा मानवी इतिहास पुसून टाकणे होय.

तिसरी उणीव सड्यांच्या बाबतीत दिसते. जांभ्या खडकाची ही पठारे उन्हाळ्यात वाळवंटासारखी तापलेली, उघडीबोडकी दिसतात. म्हणून पुस्तिका त्यांना ओझरता उल्लेख देऊन सोडतात. पण पावसाबरोबर त्याच खडकावर गवत आणि इवल्या फुलांचे ताटवे उगवतात, कीटकभक्षी वनस्पतीही दिसू लागतात. 'ओसाड' हा शब्द निरुपद्रवी नाही. जांभ्याखालच्या बॉक्साइटवर उद्योगाची नजर असते, आणि जी जमीन आधीच ओसाड ठरली, तिचे उत्खनन समर्थनीय वाटू लागते. वर्णनातील आळस अशा रीतीने व्यवहारातील हानीस वाट करून देतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, दोन दिवसांच्या पाहुण्यास इतका इतिहास व भूगोल पेलणार नाही. त्यास आनंद हवा. आक्षेपात तथ्य आहे. गव्याच्या ओढीनेच अनेकांची पावले रानाकडे वळली, हेही नाकारता येत नाही. परंतु आनंद आणि आकलन यांत विरोध मानण्याचे कारण नाही. डोंगरावरचे रान पावसाचे पाणी मुरवते, मातीस धरून ठेवते. त्या पाण्यावर तलाव भरतो आणि तलावावर खालचे खोरे जगते, एवढे तीन वाक्यांत सांगता येते. त्याने गव्याचे दर्शन फिके पडत नाही; उलट त्याच्या पायाखालच्या भूमीस अर्थ येतो.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राधानगरीही आहे. हा मान एका प्राण्याचा नसून समग्र प्रदेशाचा आहे. रूढ वर्णने या मानास अद्याप उतरलेली नाहीत. ती यादीचा मार्ग सोडून संबंधाचा मार्ग धरतील, तेव्हाच त्यांना राधानगरीचे वर्णन म्हणता येईल.