बरोबरीचा दावा आणि सतरा सामने

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो, तो खेळ. तिच्याबद्दल एक विधान तुमच्या कानावर आलं असेल: तिथे संघांच्या पगारखर्चावर मर्यादा आहे, म्हणून सगळे संघ बरोबरीचे आहेत. पुरावा म्हणून सांगतात की गेल्या वर्षी गटात तळाला असलेला संघ यंदा पहिला येतो. विधान कदाचित खरं असेलही, पण हा पुरावा ते पेलू शकत नाही.

लीगमध्ये ३२ संघ आहेत, चार-चारचे आठ गट. २०२१ पासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो. आता कागद घ्या आणि समजा, ३२ही संघ तंतोतंत सारखे आहेत, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. तरी विजयांचं प्रमाण विचलन साधारण २.०६ येतं. १२ किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता सुमारे ७ टक्के, म्हणजे दरवर्षी सरासरी दोनेक संघ केवळ नशिबाने 'बलाढ्य' ठरतील आणि तितकेच 'भिकार'. पुढच्या वर्षी नाणं पुन्हा उडेल, क्रम बदलेल, आणि आपण म्हणू, बघा पगारमर्यादेची किमया! अमेरिकन बेसबॉलमध्ये १६२ सामने असतात. तिथे हाच नशिबाचा वाटा विजयाच्या टक्केवारीत सुमारे ४ अंकांचा, इथे १२ चा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून नुसती तुलना करायची नाही, हे त्यामुळेच. रॉजर नोल आणि जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखलं जाणारं गुणोत्तर वापरतात ते यासाठीच: प्रत्यक्ष विचलन भागिले नाणेफेकीचं विचलन.

त्यात वेळापत्रकाची भर. १७ पैकी ३ सामने गेल्या वर्षीच्या गटक्रमावर ठरतात. तळाच्या संघाला इतर गटांतले तळाचे संघ मिळतात. म्हणजे चाचणीच्या उपकरणातच थोडी बरोबरी भरलेली आहे. ही युक्ती जुनी. १९४६ ते १९५९ आयुक्त असलेले बर्ट बेल वेळापत्रक स्वतः बसवायचे, आणि हंगामाच्या सुरुवातीला दुबळ्यांना दुबळ्यांशी, बलवानांना बलवानांशी भिडवायचे, जेणेकरून चुरस टिकावी. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड, ही १९३६ पासूनची ड्राफ्ट पद्धतही बेल यांचीच सूचना. तेव्हा ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते आणि त्यांचा संघ हरत होता, हे सहसा कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे पहिल्या ड्राफ्टमधली पहिली निवड, जे बरवँगर, एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही.

पण मग मर्यादा येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघावेत ना? इथेच खरी अडचण आहे. पगारमर्यादा १९९४ ची. खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलायची खरी मोकळीक मिळाली १९९३ मध्ये, १९९२ च्या फ्रीमन मॅकनील खटल्यानंतर. दोन्ही बदल एकाच वाटाघाटीतून आले, एका वर्षाच्या अंतराने. कुणाचा परिणाम कुठला, हे वेगळं कसं काढणार? शिवाय १९९५ मध्ये दोन नवे संघ आले, २००२ मध्ये गटच बदलले.

बरं, मर्यादेच्याच काळात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २००१ ते २०१८ च्या हंगामांत सहा सुपर बोल जिंकले. क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१७ मध्ये ड्राफ्टमधला पहिला खेळाडू घेतला आणि त्याच हंगामात १६ पैकी १६ सामने हरले. दोन उदाहरणांनी दावा मोडत नाही, पण 'म्हणून' हा शब्द तरी जपून वापरायला हवा.

तुम्ही म्हणाल, मर्यादा काढून बघा की! तसं एकदा झालं. २०१० चा हंगाम मर्यादेविना खेळला गेला. पण नमुना एका वर्षाचा, आणि त्याच वर्षी संघ बदलण्याची मोकळीक मिळायला जास्त वर्षांची अट लागली. त्याहून मोठी गोष्ट २०१२ मध्ये कळली: त्या 'मोकळ्या' वर्षातल्या करारांबद्दल लीगने वॉशिंग्टनच्या पगारमर्यादेतून ३.६ कोटी डॉलर आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर कापले. म्हणजे कागदावर बंधन नव्हतं, तरी ते ओलांडल्याची शिक्षा होती. असा नैसर्गिक प्रयोग कुठल्या विश्लेषणात घालायचा? आणि बरोबरीच्या नावाने ज्यांच्या पगाराला छप्पर घातलं, त्या खेळाडूंना 'हे खेळाच्या भल्यासाठी आहे' हे कुठल्या आकड्यावरून पटवायचं?