‘निधी संपल्यावर काय?’ : प्रस्तावातला सगळ्यात पोकळ परिच्छेद

सामाजिक संस्थांच्या निधी-प्रस्तावात शेवटी एक रकाना असतो : निधी संपल्यावर प्रकल्प कसा चालणार? उत्तरं ठरलेली असतात. ‘समाज जबाबदारी घेईल’, ‘शासन उपक्रम स्वीकारेल’. कोण, कधी, कुठल्या पैशातून, हे मात्र लिहिलेलं नसतं. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हे गृहीतक आहे, पण निष्कर्ष म्हणून खपवलं जातं.

‘शासन स्वीकारेल’ हे कधी खरं ठरतं? गडचिरोलीतल्या ‘सर्च’चं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या लेखात आणखी एक आकडा होता : एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. माझ्या मते हाच आकडा महत्त्वाचा. खर्च माहीत नसेल तर सरकार तरतूद कशाची करणार?

तरीही केंद्राच्या मार्गदर्शक सूचना यायला २०११ उजाडलं. म्हणजे एवढा भक्कम पुरावा छापून आल्यावरही १२ वर्षं! आणि आशाताईंना सहा-सात गृहभेटींचे मिळून २५० रुपये ठरले. भेटीला जेमतेम ४० रुपये. काम टिकलं, पण त्याचा भार कुणाच्या खांद्यावर गेला, हेही बघायला हवं.

दोष फक्त संस्थांचा नाही. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्पा’ला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. निधी तीन-चार वर्षांचा आणि वचन मात्र कायमचं मागायचं, मग लोक गोड वाक्यं लिहिणारच.

समजा, सोलापुरात विडी कामगार महिलांच्या श्वसनाच्या तपासणीचा प्रस्ताव लिहायचाय. मग एवढं तरी लिहा : एका तपासणीचा खर्च, तिसऱ्या वर्षानंतर किमान काय चालू राहणार, तो खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात बसतो आणि त्यांच्याशी बोलणं पहिल्या वर्षीच कोण सुरू करणार. काही बंद होणार असेल तर तेही स्पष्ट लिहा. दर महिन्याला तपासणीला येणाऱ्या बाईला एक दिवस दाराला कुलूप दिसण्यापेक्षा ते बरं.