कुलूपबंद कपाट आणि पांच सूत्रें

शियाली रामामृत रंगनाथन् यांचा ग्रंथालयाच्या पांच सूत्रांवरील इंग्रजी ग्रंथ मद्रासच्या ग्रंथालय-संघानें १९३१ सालीं प्रसिद्ध केला. अभ्यासकांत त्याचें स्थान अढळ आहे. परंतु ज्या शिक्षकाच्या गळ्यांत शाळेच्या ग्रंथालयाचें काम अवचित येऊन पडतें, त्याला हा ग्रंथ कितपत उपयोगी पडेल, एवढ्याच दृष्टीनें येथें विचार करावयाचा आहे.

रंगनाथन् मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व या विषयाच्या शिक्षणासाठीं इंग्लंडास गेले. तेथें पाहिलेल्या नाना व्यवहारांच्या मुळाशीं थोडींच तत्त्वें असलीं पाहिजेत, हा गणितज्ञाचा ध्यास ग्रंथांत पदोपदीं जाणवतो. पुस्तकें वापरासाठीं आहेत. वाचकाला त्याचें पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वांचावा. आणि ग्रंथालय हें वाढत्या देहासारखें आहे, हीं तीं सूत्रें. तीं इतकीं साधीं आहेत कीं, त्यांत नवें तें काय, असें प्रथमदर्शनीं वाटावें.

नवें काय, तें पहिल्या सूत्राच्या विवेचनांत कळतें. युरोपांत एके काळीं पुस्तकें सांखळ्यांनीं जखडून ठेवीत. आपल्या शाळांतून सांखळी कधींच नव्हती. कुलूप मात्र अनेक ठिकाणीं आहे. त्याचें कारण शिक्षकाचा आळस खचित नव्हे. हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपल्याच पगारांतून जाईल असें ज्याला भय आहे, तो कपाट उघडें ठेवील कसा? दुसऱ्या सूत्राखालीं ग्रंथकारांनीं चालकांचींहि कर्तव्यें सांगितलीं आहेत. शाळाचालकांनीं तो भाग आधीं वाचावा, आणि वर्षाकाठीं कांहीं पुस्तकें गहाळ होणारच असें धरून तीं खर्चीं टाकण्याचा ठराव करावा. हा ठराव झाल्यावांचून वर्गीकरण शिकून लाभ नाहीं.

चौथ्या सूत्राशीं मात्र आमचें थोडें भांडण आहे. ४० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांचा तास, आणि वहींत प्रत्येक मुलाचें नांव व पुस्तकाचा क्रमांक लिहावयास एक मिनिट, असा हिशेब मांडला तर वाचनास उणें पांच मिनिटें उरतात! पुस्तकाचें कार्ड काढून वाचकाच्या खिशाच्या तिकिटांत घालावें व तीं तारखेप्रमाणें लावून ठेवावीं, या ब्राऊन पद्धतीनें हेंच काम कांहीं क्षणांत उरकतें. येथपर्यंत सूत्र खरें. पण फळीसमोर उभें राहून चार पुस्तकें चाळणाऱ्या, पांचवें उघडून तेथेंच रमणाऱ्या मुलाचा वेळ वांचवावयाचा नसतो. तो त्याला मनसोक्त घालवूं द्यावयाचा असतो. मोठ्या वाचकाला आपणांस काय हवें हें बहुधा ठाऊक असतें. मूल तें शोधावयासच आलेलें असतें. हा भेद अधिक ठसठशीतपणें यावयास हवा होता.

स्वतंत्र खोलीच नाहीं, ही तक्रार मात्र सबळ नव्हे. सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून जी व्यवस्था उभारली, तींत पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरत. तशीच ३०-४० पुस्तकांची पेटी वर्गावर्गांतून फिरविण्यास खोली लागत नाहीं. लागतो तो दर महिन्यास पेट्यांची अदलाबदल करणारा माणूस.

पांचवें सूत्र वाढीचें. देह वाढतो तसा निरुपयोगी अंश टाकूनहि देतो, ही बाजू शाळांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. बाद झालेलीं पाठ्यपुस्तकें, मार्गदर्शिका आणि भेटीदाखल आलेले अहवाल फळीवरून उतरविले, तर पुष्कळ शाळांच्या दाखल-नोंदवहींतील आंकडा निम्म्यावर येईल. तपासनीस त्याचें कारण विचारतीलच. तें सांगण्याचें काम मुख्याध्यापकांचें आहे, ग्रंथपाल-शिक्षकाचें नव्हे.