उसना बर्फ आणि आपला काळोख

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आमच्या भागातील घराघरांतून गोठा उभारण्याची लगबग सुरू होते. गवत येते, माती येते, जुन्या पेटीतून मूर्ती बाहेर निघतात, आणि सरतेशेवटी मुले गोठ्याच्या छपरावर कापूस पसरतात. तो बर्फ. जालना जिल्ह्यात या कापसासाठी दुकानात जावे लागत नाही. हे दिवसच वेचणीचे. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांत रुतत असताना आयाबहिणींनी ओटीत गोळा केलेला कापूस घरात आलेला असतो. त्याचीच चिमूट उचलून आपण तिला परदेशातील बर्फ म्हणतो. मुलांच्या या आनंदावर आक्षेप घेण्याइतका प्रस्तुत लेखक रुक्ष नाही. परंतु जे गोठ्याच्या छपरावर घडते तेच आपल्या नाताळविषयक मराठी लेखनातही घडत आले आहे, आणि तेथे मात्र त्याची किंमत मोजावी लागते. तिचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपली नाताळची गीते, कथा, नाटुकल्या आणि चिंतने एकापाठोपाठ एक वाचून पाहावीत. बहुतेकांत एकच देखावा आढळेल. हाडे गोठवणारी थंडी, दिवसाढवळ्या दाटलेला अंधार, पर्णहीन झाडे, शुभ्र बर्फ आणि दूर कोठेतरी लुकलुकणारा दिवा. मग घंटा वाजते, प्रकाश फाकतो आणि दुःख नाहीसे होते. शुभवर्तमानात यातले हवामान कोठेच नाही. संत लूकने रानात राहून रात्री कळप राखणारे मेंढपाळ सांगितले. महिना सांगितला नाही, ऋतूही सांगितला नाही. 25 डिसेंबर हा जन्मदिन रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो, इ. स. 354 मधील एका रोमन पंचांगात त्याची नोंद सापडते. पुढे युरोपच्या उत्तरेकडील लोकांनी हा सण आपल्या ऋतूत रुजवला. लंडनला वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. अशा देशातील ख्रिस्तीना रोझेटी या कवयित्रीने 1872 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाताळगीतात बेथलेहेमवर इंग्लंडचा कडक हिवाळा पांघरला, तो तिच्या दृष्टीने खराच होता. 21 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला उगवत्या पहाटेच्या नावाने हाक मारली जाते, तिचा अर्थही त्या आकाशाखाली अंगावर काटा आणतो. तेथे प्रतिमा आणि अनुभव यांची सांगड आहे. दोष प्रतिमेचा नाही, तिच्या उसनवारीचा आहे.

आपले आकाश निराळे आहे. जालन्याचा सर्वांत लहान दिवसदेखील अकरा तासांच्या आसपास असतो. सर्वांत मोठा दिवस त्याहून सव्वादोन-अडीच तासांनी अधिक, एवढाच काय तो फरक. नाताळ आपल्याकडे हेमंतात येतो, शिशिरात नव्हे. तरीही अनुवादाच्या सवयीने आपण सरसकट ‘शिशिर’ लिहून मोकळे होतो. मर्ढेकरांनी 1939 मध्ये आपल्या पहिल्या संग्रहाला ‘शिशिरागम’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दामागे पानगळीचे निश्चित भान होते. आपल्या गीतांत तो केवळ थंडीचा पर्याय म्हणून येतो. वास्तविक मराठवाड्यातील मार्गशीर्ष-पौष म्हणजे निरभ्र आभाळ, दहिवर, पोटऱ्यांत आलेला शाळू, आणि पुढे शेकोटीभोवतीचा हुरडा. आपल्या माणसाला हा ऋतू प्रिय आहे. त्याला ‘अंधारमय हिवाळा’ ऐकवला तर तो आदराने मान डोलावतो, पण आत काही हलत नाही. ज्या काळोखाचा अनुभव नाही, त्यातून होणाऱ्या सुटकेचाही अनुभव नसतो.

मग आपल्याकडे हिवाळ्यात मन काळवंडतच नाही काय? येथेच आपल्या लेखकांची दुसरी आणि अधिक गंभीर चूक होते. बर्फ खोटा ठरला म्हणून काळोख खोटा ठरत नाही. जालन्याच्या आकाशाची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. येथील सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो 21 डिसेंबरला नव्हे, तर नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे नेमका आगमनकाळाच्या उंबरठ्यावर! नाताळपर्यंत सायंकाळ सात-आठ मिनिटांनी लांबलेलीही असते. उलट सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच उजाडत राहते. वेचणी करून परतणाऱ्या बाईला वाटेतच अंधार गाठतो आणि चूल पेटवण्याआधी दिवा लावावा लागतो. रात्रपाळीची वीज आली की हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकरी थंडीत बांधावर उभा राहतो. यात भर पडते ती अवकाळी आभाळाची. डिसेंबरात चार दिवस ढग दाटून राहिले की तुरीच्या आणि हरभऱ्याच्या अळीची धास्ती वाटू लागते. कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावात तर माणसे झोपेतून उठून वेलीची पाने चाळतात, कारण दमट हवेत केवडा आणि भुरी पसरायला वेळ लागत नाही. सूर्य न दिसण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. त्यावर कर्जाचा आकडा लिहिलेला असतो. हा आपला काळोख. आपल्या नाताळसाहित्यात तो किती वेळा आला आहे?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. नाताळच्या दिवसांत मन खचलेली माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. कोणाचे माणूस याच वर्षी गेलेले असते, कोणाचे पीक गेलेले असते, आणि कोणाला कसलेच कारण सांगता येत नाही. अशा व्यक्तीच्या हाती आपला विशेषांक पडतो आणि त्यातील प्रत्येक पान म्हणते की प्रकाश आला आहे, आनंद करा. त्या माणसाच्या मनात साहजिकच येते : सर्वांना दिसणारा प्रकाश मलाच का दिसत नाही? माझी श्रद्धा उणी आहे काय? सांत्वनासाठी लिहिलेले वाङ्मय अशा वेळी आरोपपत्र होऊन बसते. लेखकाच्या मनात तसे नसते, हे मान्य. पण वाचकाच्या मनात काय उमटते याचा विचार टीकेने करावयाचा नाही तर कोणी?

ख्रिस्ती परंपरा या बाबतीत आपल्या लेखनापेक्षा पुष्कळच शहाणी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने मनाच्या खिन्नतेचे बारकाईने वर्णन केले. त्याला ती भर दुपारी भेटली. सूर्य जागचा हलत नाही, दिवस संपत नाही, कशातच जीव रमत नाही, असे वाटायला लावणारा तो मध्यान्हीचा शत्रू आहे, असे त्याने म्हटले. खिन्नता ही अशी त्या त्या भूमीचे रूप घेते. उत्तरेत ती अंधारातून येते, वाळवंटात उन्हातून. 1984 मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तीव्र प्रकाशाचा उपचार पुढे आला. नैराश्य हा आजार असू शकतो, तो पाप नव्हे, ही गोष्ट आता वैद्यकाने निःसंदिग्धपणे सांगितली आहे. आणि स्तोत्रसंहिता? तिच्यातील 88वे स्तोत्र काळोखातच संपते. शेवटी दिवा लागत नाही. तरीही ते प्रार्थना म्हणून शतकानुशतके म्हटले जाते. आपल्या नाताळकथेला मात्र शेवटच्या परिच्छेदात दिवा लावल्यावाचून चैन पडत नाही.

या संदर्भात आपल्याच भाषेतील तीन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. पहिले फादर थॉमस स्टीफन्स यांचे. 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. बर्फ आणि अपुरा दिवस प्रत्यक्ष भोगलेला असा लेखक आपल्या परंपरेत विरळाच. पण मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी मोगरा घेतला, कस्तुरी घेतली, मोर घेतला. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्या अंगणातील वस्तू उचलण्याचा हा विवेक आहे. ज्याच्याजवळ खरा बर्फ होता त्याने मोगरा निवडला आणि ज्यांच्या दारी मोगरा आहे ते आपण बर्फ निवडतो, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

दुसरे उदाहरण बालकवी ठोंबरे यांचे. अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी त्यांना मुलासारखा आसरा मिळाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्या दिवसांच्या आठवणी आहेत. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला श्रावणातील हर्षाचा कवी ओळखीचा करून दिला. पण याच कवीने ‘औदासिन्य’ लिहिली. तीत मनावर आलेल्या मळभाचे मूळ कवीला सापडत नाही, आणि सापडल्याचा बहाणाही तो करीत नाही. कवितेचे सामर्थ्य या प्रामाणिकपणात आहे. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि 1918 साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. उदास मनाच्या एका तरुणाला एका ख्रिस्ती घराने जेवूखाऊ घातले आणि आपले म्हटले, ही घटना कोणत्याही नाताळकथेहून कमी मोलाची नाही.

तिसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म 1608 चा. त्यांच्या ‘दासबोधा’तील खंबीर उपदेशक सर्वांना परिचित आहे. पण ‘करुणाष्टकां’तील रामदास वेगळे आहेत. तेथे मन आवरत नाही, पश्चात्ताप जाळतो, आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही आणि भक्त देवाला निकराने हाक मारतो आहे. शेजारच्या घरांतून तिन्हीसांजेला ही अष्टके ऐकत आपल्यातील कित्येकजण वाढले. दिवेलागणीच्या वेळी मनात जी हुरहुर दाटते तिला दडपून न टाकता तिचीच प्रार्थना करणे, ही रीत या मातीने जपलेली आहे. स्तोत्रकर्त्याशी तिचे नाते ओळखायला आपल्याला अवघड जाऊ नये.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : लेखकाने आपल्या समोरचेच पाहिले आणि ते लपवले नाही. आपल्या लेखकांकडून अपेक्षा एवढीच आहे. कोणी म्हणेल, सणासुदीला दुःख कशाला उगाळावे? आक्षेप रास्त आहे. सारे अंक विलापाने भरावेत असे येथे सुचवायचे नाही, आणि खिन्नतेचे प्रदर्शन हीदेखील एक उसनवारीच होईल. परंतु आनंदाची वार्ता ज्यांना प्रथम मिळाली ते दिवाणखान्यात बसलेले लोक नव्हते. ते उघड्यावर, अंधारात, जागे होते. सुगी सरलेल्या शेतात मेंढरे बसवून त्यांच्या कडेला रात्र काढणारा धनगर आपण पाहिलेला आहे. त्याची घोंगडी, त्याचा कुत्रा, विझत आलेली शेकोटी आणि डोक्यावरचे स्वच्छ चांदणे यांतून संत लूकचा दुसरा अध्याय जितका जवळ येईल तितका तो कोणत्याही बर्फातून येणार नाही.

अशा लेखनाने खिन्न माणूस बरा होईल, असा दावा नाही. त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवणारे कोणी हवे, सायंकाळी दार वाजवणारे कोणी हवे, आणि उदासी आठवड्यामागून आठवडे हटत नसेल तर न लाजता डॉक्टरकडे नेणारेही कोणी हवे. सुदैवाने आपल्या हिवाळ्यात ऊन फुकट मिळते. कमतरता सोबतीची असते. साहित्य सोबतीची जागा घेऊ शकत नाही. पण तुझा काळोख आम्ही ओळखतो, तो आमच्याही शिवारात उतरतो, एवढे ते सांगू शकते. ते ऐकलेला माणूस पुढच्या रविवारी मिस्साला आला, तर मागच्या बाकावर एकटा बसणार नाही, अशी आशा करता येते.

यंदाही मुले गोठ्यावर कापूस पसरतील, पसरू द्यावा. फक्त कोणीतरी त्यांना तो कापूस आहे हे सांगावे, आणि तो कोणाच्या बोटांनी वेचला तेही सांगावे. आपल्या नाताळसाहित्याचा आरंभ तेथून झाला तरी पुष्कळ आहे.